शपथेपुरता देव

सिनेमात कोर्ट लागलं की मी उठून गॅलरीत जातो. बायको म्हणते, "बसा हो, मजा येते." कसली डोंबलाची मजा! साक्षीदार पिंजऱ्यात चढतो, लाल कापडात गुंडाळलेली गीता पुढे येते, तिच्यावर हात ठेवून तो धडाधड खोटं बोलायला लागतो. त्यातलं खोटं बोलणं तेवढं खरं आहे. बाकी कोर्टात गीता मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली, तीही एका वकिलाच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी.

मी कल्याणच्या दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क होतो. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास चिकटलो. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. न्यायाधीश उंचावर बसतात, त्यांच्या पायाशी एक टेबल असतं आणि त्या टेबलाशी बसतो तो बेंच क्लार्क. कागद वर द्यायचे, खाली घ्यायचे, तारखा लावायच्या, वकिलांचे रुसवेफुगवे सांभाळायचे आणि साक्षीदाराला शपथ द्यायची. यातलं शेवटचं काम माझ्या खास आवडीचं. माझा आवाज खणखणीत होता, अजून आहे. "म्हणा, ईश्वराला साक्ष ठेवून सांगतो की..." असा एकेक तुकडा मी टाकायचा आणि साक्षीदाराने तो उचलायचा. माझ्यासारखी शपथ ठाणे जिल्ह्यात कुणी देत नव्हतं. हे मी म्हणत नाही, एक न्यायाधीश म्हणाले होते.

गिऱ्हाइकं एकेक भेटायची. एक कीर्तनकारबुवा होते, त्यांनी "ईश्वराला साक्ष ठेवून" म्हणताच डोळे मिटले आणि जे सुरू झाले, ते निम्मं स्तोत्र झाल्यावर थांबवावे लागले. एक जागांचा दलाल आठवड्यातून दोनदा साक्षीला यायचा. मी तोंड उघडायच्या आत तो शपथ संपवून मोकळा. एकदा मी म्हटलं, "अहो, मला सांगू तरी द्या." तर म्हणतो, "भाऊसाहेब, तुमचा घसा कशाला कोरडा करू?" एक शाळामास्तर मात्र ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी ईश्वर मानत नाही." कोर्टात माणसं माना वळवून बघायला लागली. त्यांच्यासाठी दुसरा मजकूर होता. देवाला वगळून नुसती प्रतिज्ञा. ती मी दिली. मास्तर खरं बोलले. दलाल काय बोलायचा ते सांगायला नको.

एकोणपन्नास साली पावसाळा सरता सरता दिल्लीत घटनेवर शेवटचा हात फिरत होता आणि आमच्या बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, रोज दुपारी तीच घटना नव्याने लिहिली जात होती. तिथे दोन माणसांचं हाडवैर. अण्णा दातार हे जुने वकील, कपाळाला गंध, गळ्यात उपरणं, जिल्ह्यातला प्रत्येक देव त्यांच्या परिचयाचा. आणि प्रधानवकील, तरुण, पाइप ओढणारे, देवाधर्माचं नाव काढलं की भुवई उडवणारे.

त्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती की घटनेची सुरुवात देवाच्या नावाने करावी अशी सूचना घटना समितीत आली, तिच्यावर चर्चा झाली, मतं पडली आणि सूचना फेटाळली गेली.

"देव पडला!" अण्णांनी पेपर आपटला. "अहो, निवडणुकीत उमेदवार पडतो तसा देव पडला! साधं घर बांधताना पहिला दगड आपण देवाचं नाव घेऊन बसवतो. आणि देश बांधताना देव नको?"

"कुणाचा देव, अण्णा?" प्रधानांनी धूर सोडला.

"सगळ्यांचा! देव काय तुमचा-आमचा वेगळा असतो?"

"मग सगळ्यांना विचारा की. आणि ज्याला नकोच, त्याने काय करायचं? विरोध करणाऱ्यांत चांगली देव मानणारी माणसं होती, वाचा नीट. श्रद्धेच्या गोष्टीची सक्ती नको म्हणाले ते."

"देव मानतात आणि देवालाच बाहेर बसवतात? असली कसली माणसं!"

मी चहा पीत होतो. माझं मन अण्णांकडे होतं, स्वच्छ सांगतो. आम्ही संकष्टी धरणारी माणसं. देवाचं नाव घेतल्याने कुणाचं काय बिघडणार होतं, असं मला वाटायचं. पुढे घटना आली. सुरुवातीला देव नाही, "आम्ही भारताचे लोक". पण मंत्र्यासंत्र्यांच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवलेल्या. हवं तर ईश्वराला स्मरा, नको तर नुसती प्रतिज्ञा करा. मी बाररूममध्ये ऐटीत सांगितलं, "हे तर आम्ही कल्याणला आधीपासून देतोय!" त्यावर अण्णा आणि प्रधान दोघेही हसले. एका गोष्टीवर दोघे हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

आता मुद्द्याची केस सांगतो.

डोंबिवलीच्या पलीकडे खाडीच्या अंगाला एक आगरी गाव आहे. नाव सांगत नाही, तिथे आता नातवंडांनी इमारती ठोकल्या आहेत आणि त्यांचेही वकील आहेत. त्या गावातल्या चांगुणाबाईने धाकट्या दिरावर दावा लावला होता. नवरा वारलेला, पदरात एक मुलगा. तिचं म्हणणं एवढंच की दोघा भावांची वाटणी नवऱ्याच्या हयातीत झाली होती आणि खाडीकडचं भाताचं खाचर त्याच्या वाट्याला आलं होतं. दीर पदू म्हणायचा, वाटणी झालीच नाही, सगळं एकत्र आहे, आणि घरातला कर्ता मी. वाटणी तोंडी झालेली. कागद नाही. जे दोन म्हातारे पंच बसले होते ते दोघेही देवाघरी गेलेले. खाचर गेलं असतं तर बाईला दिराच्या उंबऱ्यावर पोटाला मागत बसायची पाळी होती.

बाईचे वकील प्रधान, पदूचे वकील अण्णा. झालं!

पहिल्याच तारखेला अण्णा उठले. "साहेब, माझा अशील देवमाणूस आहे. तो म्हणतो, बाईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गावदेवीपुढे सांगावं की वाटणी झाली. मी खाचर सोडतो, दावा मान्य करतो."

ऐकून दचकू नका. इंग्रजांच्या काळचा कायदाच तसा होता. एका पक्षाने म्हणायचं, समोरच्याने अमुक देवापुढे शपथ घेऊन सांगितलं तर ते मला मान्य. समोरच्याने तशी शपथ घेतली की निकाल. मग साक्ष नाही, पुरावा नाही, काही नाही. दावाच देवाच्या हवाली. असे दावे मी पाहिलेले आहेत.

आमचे न्यायाधीश नव्याने आलेले, तरुण, धारवाडकडचे. मराठीला कानडी हेल. त्यांनी कपाळाला आठी घातली. "मुलाच्या डोक्यावर हात चालणार नाही. तिसऱ्या माणसाला बाधा होईल अशी शपथ कायदा घेऊ देत नाही. आणि वकीलसाहेब, देशाला नवी घटना आली. आपण दावे अजून देवळात निकालात काढायचे काय?"

"घटना आली साहेब, पण हा कायदा गेलेला नाही," अण्णा म्हणाले. "मुलगा सोडा. नुसती देवीपुढे शपथ."

साहेबांनी प्रधानांकडे पाहिलं. बाई त्या दिवशी कोर्टात नव्हती, लावणीचे दिवस होते. आणि इथे आमच्या नास्तिक प्रधानवकिलांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "आम्हाला मान्य आहे."

मान्य का नसणार? बाई खरी होती याबद्दल त्यांना शंका नव्हती. खरी बाई, देवभोळी बाई, देवीपुढे दोन शब्द बोलायचे आणि खाचर पदरात. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "अण्णांनी स्वतःच्या हाताने केस माझ्या खिशात घातली." बाईला विचारायला हवं, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. असल्या बायका शपथेला नाही म्हणतात असं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

दिवाळीनंतरची तारीख पडली. साहेबांनी शपथ द्यायला मला पाठवलं. दोन्ही वकील आणि मी स्टेशनापासून बांधाबांधाने चालत गेलो. भात कापून झालेलं, शेतात वाल उगवून आलेले. प्रधानांचा बूट दोनदा चिखलात रुतला. अण्णा चपला हातात घेऊन झपझप पुढे.

गावदेवीचं देऊळ म्हणजे उंबराखाली पत्र्याचं छप्पर आणि शेंदूर लावलेली शिळा. पण सगळं गाव लोटलेलं. नारळ, हार, समई तेवत होती. पदू एका बाजूला खाली मान घालून उभा. चाळिशीचा धिप्पाड माणूस, पण चेहरा ताप आल्यासारखा. चांगुणाबाई आली. न्हालेली, धुवट लुगडं, हाताशी मुलगा. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बाई, देवीसमोर या. मी सांगतो तसं म्हणा."

ती समोर आली. देवीच्या पाया पडली. मुलालाही पडायला लावलं. मग उठून माझ्याकडे वळली.

"मी नाय घेत शपत."

लोक एकदम बोलायला लागले. प्रधानांच्या तोंडातला पाइप हातात आला. "अहो बाई! काय करताय? दोन शब्द बोला, खाचर तुमचं! वाटणी झाली होती ना?"

"झालीच त."

"मग खरं तेच सांगायचंय. देवीपुढे सांगायला काय हरकत?"

"देवी जशी माजी तशी त्याची पन हाय," तिने पदूकडे बोट दाखवलं. "आयशीला पोरांच्या भांडनान साक्षीला कोन उबी करते? मना जे ठाव हाय ते मी तुमच्या कोर्टान सांगन. हितं नाय."

काय सांगू, प्रधान अक्षरशः हात जोडून उभे राहिले. देव न मानणारा तो माणूस शेंदराच्या शिळेपुढे "बाई, देवीवर विश्वास ठेवा" म्हणून विनवत होता, आणि देव मानणारी बाई ऐकत नव्हती. अण्णा मात्र खूश. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाहिलंत? खोट्याची जीभ देवीपुढे उचलत नाही." गावातही तेच बोलणं. बाई खोटी, म्हणून भ्याली. ती मुलाला घेऊन त्या गर्दीतून सरळ घरी निघून गेली. मला तिचा राग आला होता. एवढं चालून आलो आणि ही बया सरळ नाही म्हणते!

कायद्याप्रमाणे नकार नोंदवावा लागतो, कारणासकट. साहेबांनी ते टिपणात इंग्रजीत एका ओळीत घातलं, की वादीने धार्मिक कारणास्तव शपथ नाकारली. तिचे शब्द तसेच्या तसे मराठीत उतरवा, असं मी त्या वेळी म्हणायला हवं होतं. कारकुनाने न्यायाधीशाला असं सांगायचं नसतं, म्हणून गप्प बसलो. त्याची हळहळ अजून आहे.

दावा मग साध्या वाटेने चालला. चांगुणाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. मी नेहमीच्या सवयीने सुरू केलं, "म्हणा, ईश्वराला साक्ष ठेवून..."

"कारकूनदादा, देवाला नका आनू."

साहेबांनी मान वर केली. त्यांना बाईची बोली कळत नव्हती, मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही देव मानत नाही काय?"

"मानते त! मानते म्हनूनशीच सांगते."

आता काय करायचं? देव न मानणाऱ्यांसाठीची प्रतिज्ञा माझ्याकडे होती. आजवर ती त्या शाळामास्तरांसारख्या चार जणांनी घेतली असेल. साहेब म्हणाले, "तीच द्या." मी म्हटलं, "म्हणा, मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते." बाईची जीभ 'गांभीर्य'वरच अडखळली. दोनदा प्रयत्न केला, जमेना. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. मी म्हटलं, "राहू दे. म्हणा, खरं सांगेन."

"खरा सांगन," ती म्हणाली.

उलटतपासणीला अण्णा उभे राहिले. उपरणं सावरलं. एकच प्रश्न पुरे, अशा थाटात.

"देवीपुढे शपथ घ्यायला तुम्ही भ्यालात की नाही?"

"हां. भ्याले."

अण्णा साहेबांकडे वळले, हात पसरले आणि खाली बसले. प्रधानांनी कपाळ धरलं. केस गेली. मलाही वाटलं, गेली. बाई, आता तुझं कसं होणार, असं मनात आलं आणि गलबललं हो. पोरगा दाराशी बसून बोरं खात होता.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, कशाला भ्यालात?"

"जिंकन म्हनून," ती म्हणाली.

तिला वाटलं, आम्हाला कळलं नाही. मग लहान मुलाला सांगावं तशी सांगायला लागली. "साहेब, देवीनं मना जिंकवला असता त पदू खोटा झाला असता. साऱ्या गावान खोटा. त्याच्या खांद्याला मंग कोन देवीची पालखी देनार? त्याच्या पोरांना कोन पोरी देनार? कोर्टान हरला त नुसता हरंल. मानूस हरते, त्यान काय?"

मी हे साहेबांना समजावून सांगितलं. सांगताना माझा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. पलीकडच्या बाकावर पदू बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

देशाच्या घटनेत पहिल्या ओळीत देव का नको, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, देवाला बाहेर ठेवलं म्हणजे देवाचा मान गेला. या बाईने देवीचा मान राखायला तिला बाहेर ठेवलं होतं. दिल्लीहून तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दिल्लीतलं तिला काही ठाऊक नव्हतं. अण्णांनाही मी त्या संध्याकाळी हेच सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "बाई पक्की आहे." अण्णांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

पुढे पदूची साक्ष झाली. त्याने ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेतली, अगदी पडक्या आवाजात. प्रधानांनी विचारलं, "त्या खाचराची लावणी दरसाल कोण करत होतं?"

"वयनी."

"भात कुणाच्या घरी जायचं?"

"तिच्या."

"सगळं एकत्र होतं, तर तुमच्या घरी का नाही?"

पदूने अण्णांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग डोळे खाली घालून तो गप्प राहिला. साहेबांनी तो गप्प राहिल्याचीही नोंद केली. चैत्रात निकाल लागला. वाटणी झाली होती, खाचर चांगुणाबाईचं. निकालपत्रात देवीचं नाव कुठेही नव्हतं. लावणी, भात, घर, एवढ्यावर सगळं मांडलेलं. स्वच्छ निकाल. प्रधान पाइप शिलगावून बाहेर आले तेव्हा त्यांची छाती दोन बोटं पुढे आली होती.

मी व्हरांड्यात पाणी प्यायला गेलो होतो. चांगुणाबाई पायरीवर बसून मुलाचं नाक पुसत होती. पदू आला आणि तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला.

"वयनी, देवीम्होरं बोलली असतीस त मी तवाच सोरला असता. तेच्यासाठीच बोललो होतो. देवीला हरलो असा म्हटला असता."

"ठाव होता मना."

"मंग?"

"तुजा डोला कोर्टान खाली गेला, चार लोकांनी बगितला. ते इसरतील. देवलातला कोन इसरला असता?"

तिने मुलाला उठवलं, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मिरगाला बैल घेऊन येशील ना? खाचर माजा झाला, पन बैल त तुजेच हायत."

"येन." मग त्याने विचारलं, "बैलांना वैरन?"

"माजी."

"आन् मना?"

"दुपारची भाकर. भाताचे दोन भारे. गप चल आता."

प्रधानवकील शेजारीच उभे होते. त्यांच्या हातातून काडेपेटी पडली. "अहो बाई!" ते ओरडले. "वाटणी तोंडी केलीत म्हणून तर इतके महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात! निदान हे तरी लिहून घ्या! मी देतो लिहून, फुकट देतो!"

चांगुणाबाईने डोक्यावरून पदर घेतला. "कनाला लिवाचा?" ती म्हणाली. "दीर हाय माजा." आणि तिघं जण कोर्टाच्या पायऱ्या उतरून गेली, मुलगा काकाच्या खांद्यावर.